बंद कारखान्याची जमीन रीडेव्हलपमेंटला काढताय? आधी मातीचं बघा

भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला एका बंद पडलेल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही बोअर घेत होतो. वरचा कोबा फोडला, दोन फूट भराव निघाला आणि त्याखालून पाइपात जी माती वर आली ती पिवळट हिरवी होती. मालकांचा मुलगा म्हणाला, "शेवाळ असेल." कोब्याखाली, उजेडाचा थेंब नाही तिथं कसलं शेवाळ? ते क्रोमियम होतं. तोवर बिल्डरशी टक्केवारी ठरली होती, भाड्याचा आणि कॉर्पसचा, म्हणजे बिल्डरनं मालकांना द्यायच्या एकरकमी पैशाचा, आकडा ठरला होता. करारनाम्याचा मसुदा साठ-सत्तर पानांचा होता. त्यात माती हा शब्द एकदाही नव्हता.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पालिकेच्या फायली सांभाळते. लोक ज्याला लायझनिंग म्हणतात ते काम. कुर्ला, साकीनाका, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात वडिलोपार्जित छोटा कारखाना असलेली कुटुंबं आणि गाळेधारकांच्या सोसायट्या आमच्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, एफएसआय किती मिळेल?" म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल. जमिनीखाली काय आहे हे कुणी विचारत नाही. हे काम नव्यानं अंगावर आलेल्यांसाठी मी आमच्या ऑफिसातला क्रम इथं लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक अपेक्षाभंग करून टाकते. "दूषित जमीन साफ करा आणि सवलत घ्या" अशा नावाची खिडकी मुंबई महापालिकेत नाही. अमेरिकेत अशा जमिनींसाठी स्थानिक संस्थांना अनुदान मिळतं. तिथल्या २००२ च्या कायद्यानं, खरेदीआधी नीट चौकशी करणाऱ्याला जुन्या प्रदूषणाच्या जबाबदारीतून संरक्षणही दिलं. आपल्याकडे पालिका जे देते ते रोखीत देत नाही, चटईक्षेत्रात देते: एफएसआय, टीडीआर (दुसऱ्या जमिनीवर निर्माण झालेला, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क), फंजिबल (त्या सगळ्यावर मिळणारं जादा क्षेत्र). ते देताना ती प्लॉटचं क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, झोन आणि आरक्षण बघते. मातीचा रंग बघत नाही. त्यामुळे मातीचा खर्च तुमच्या सवलतीतूनच जाणार, हे धरून पुढचं वाचा.

आधी ठरवा, तुमची जमीन कुणाच्या हद्दीत

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते चुकलं तर सहा महिने जातात. मुंबईत सगळीकडे पालिकाच नियोजन प्राधिकरण नसते. मरोळचा प्लॉट एमआयडीसीकडे जातो, वडाळा आणि बीकेसीत एमएमआरडीए, शिवडी-माझगावच्या बंदराच्या जमिनींवर पोर्ट ॲथॉरिटी, झोपडपट्टी असेल तर एसआरए. बाकी ठिकाणी पालिकेची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू होते, म्हणजे आमच्या भाषेत डीसीपीआर. ही २०१८ पासून लागू आहे. ठाण्याच्या नातेवाइकानं "आमच्याकडे एवढा मिळाला" असं सांगितलं तर ऐकून सोडून द्या. ठाण्याला युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित नियमावली आहे, ती मुंबईला लागत नाही.

डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटबद्दल काय आहे त्याचा दाखला, काढा. पालिकेच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन मिळतो. त्यात झोन, आरक्षण आणि रस्तारुंदीकरणाची रेघ दिसते. झोन 'आय' म्हणजे औद्योगिक असेल तर तिथं राहती इमारत बांधायला आधी वापरबदल करून घ्यावा लागतो, तो आयुक्तांच्या मंजुरीनं.

कागद दोन प्रकारचे

पहिला प्रकार सगळ्यांना माहीत असतो: प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा, खरेदीखत, कराची बिलं. कारखान्याच्या जमिनीत प्रॉपर्टी कार्डावरचे शेरे बारकाईनं वाचा. "यूएलसी कलम २०" असं काही दिसलं तर थांबा. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा महाराष्ट्रानं २००७ मध्ये गुंडाळला, पण कलम २० खाली दिलेल्या सवलतींच्या अटी आणि त्यांचा सरकारी प्रीमियम अजून पाठ सोडत नाही. "भोगवटादार वर्ग २", म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन, असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाची वारी आलीच.

कामगारांच्या देण्यांचं ना-हरकत पत्रही याच गठ्ठ्यात ठेवा. औद्योगिक जमिनीचा वापर बदलायचा असेल तर सगळ्या कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाल्याचं कामगार आयुक्तांचं पत्र लागतं. कारखाना वीस वर्षांपूर्वी बंद पडलाय, रजिस्टरं उंदरांनी खाल्लीत, अशा वेळी हे पत्र मिळवणं हेच सगळ्यात लांबलचक काम होऊन बसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात सुरू करा.

दुसऱ्या प्रकारचे कागद मात्र कुणी मागतच नाही. ते म्हणजे कारखान्यानं काय वापरलं आणि काय टाकलं याचे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं, फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे दाखल केलेला प्लॅन. संमतीपत्रात कच्च्या मालाची आणि सांडपाण्याची माहिती असते. ती वाचली की मातीत काय शोधायचं ते अर्धं कळतं. घरी नसतील तर मंडळाच्या कार्यालयात, शीवच्या कल्पतरू पॉइंटमध्ये, माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

आणि कागदांपेक्षा भारी साधन म्हणजे जुना माणूस. आमच्या भांडुपच्या जागेवर आम्ही निवृत्त फोरमनला रिक्षानं घेऊन आलो. शेडमधून हिंडता हिंडता त्यांना विचारलं, "काका, टाकी धुतली की पाणी कुठं सोडायचात?"

"कुठं म्हणजे? मागच्या दारानं."

मागचं दार बघायला गेलो. तिथं आता एरंड वाढला होता. बिल्डरच्या आर्किटेक्टनं पाठवलेल्या लेआउटमध्ये त्याच कोपऱ्यात लहान मुलांची खेळायची जागा दाखवली होती, घसरगुंडीच्या चित्रासकट.

आता आकडेमोड: पालिका किती देते

नवख्या माणसाला इथंच सगळे घोळात घेतात, म्हणून एक उदाहरण सोडवून दाखवते. उपनगरातला प्लॉट धरा. औद्योगिक जमीन निवासी करताना नियम १४ प्रमाणे काही टक्के जागा सुविधा भूखंड म्हणून पालिकेला द्यावी लागते. प्लॉट जितका मोठा तितकी टक्केवारी वाढते. ही जागा देऊन तुमच्या हातात २,००० चौरस मीटर उरले आणि समोरचा रस्ता १० मीटरचा आहे, असं समजू.

मूळ एफएसआय १, म्हणजे २,००० चौ.मी. बांधकाम. प्रीमियम भरून ०.५, म्हणजे आणखी १,०००. टीडीआर विकत घेऊन ०.५, म्हणजे अजून १,०००. झाले ४,०००. त्यावर ३५ टक्के फंजिबल, तेही प्रीमियम भरून: १,४००. एकूण ५,४००.

हाच प्लॉट ३० मीटरहून रुंद रस्त्यावर असता तर टीडीआर पूर्ण १ पर्यंत वापरता आला असता. मग २,००० अधिक १,००० अधिक २,००० म्हणजे ५,००० आणि फंजिबल धरून ६,७५०. रस्त्यानं एवढा फरक पडतो. शहर भागात, म्हणजे माहीम-शीवच्या दक्षिणेला, मूळ एफएसआयच १.३३ आहे, त्यामुळे तिथलं गणित वेगळं.

यातलं फुकट फक्त पहिलं. बाकी सगळं विकत. टीडीआरचा काही भाग झोपडपट्टी पुनर्वसनातून निर्माण झालेलाच घ्यावा लागतो आणि टीडीआर जिथून आला आणि जिथं वापरणार त्या दोन ठिकाणच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या दरांचं प्रमाण लावलं जातं. दहिसरच्या जमिनीतून निघालेला टीडीआर विले पार्ल्यात आणला की आक्रसतो.

सुविधा भूखंड दिल्याचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो. प्लॉटवर आरक्षण असेल तर नियम १७ चा रस्ता आहे: आरक्षित सुविधा बांधून पालिकेला द्यायची आणि उरलेल्या जागेवर आपला एफएसआय वापरायचा. घरांऐवजी आयटीची इमारत करायची असेल तर नियम ३३(१३), शाळा किंवा इस्पितळ असेल तर ३३(२). हे जादा एफएसआय देणारे नियम आहेत. आणि माझं मत विचाराल तर ज्या जमिनीची माती खराब आहे तिथं तळमजल्यावर मुलं-बाळं न राहणारा वापर हा पहिला विचार असावा. पण घरांना भाव येतो, त्यामुळे हा सल्ला क्वचितच कुणी ऐकतं.

प्रीमियममधली सूट हा प्रकार अधूनमधून येतो. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनं बांधकामांवरचे प्रीमियम त्या वर्षअखेरपर्यंत निम्मे केले, अट एवढीच की ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरनं भरायची. त्या वर्षी आमच्या ऑफिसात फायलींचा डोंगर झाला होता. तेव्हाही कुणाला माती विचारली गेली नाही. अशी सूट पुन्हा आलीच तर वाचलेल्या पैशातून आधी मातीचं बजेट बाजूला काढा.

गिरण्यांचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असं ठरलं. पालिका आणि म्हाडाचा वाटा आटला. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. या भांडणात वकिलांनी शब्दाशब्दाचा कीस पाडला. पण रंगखात्याखालची आणि बॉयलरच्या राखेखालची जमीन कशी आहे हा प्रश्न वाटणीच्या सूत्रात नव्हताच.

मातीची तपासणी: इथं कंजूषपणा करू नका

आता मुख्य काम. चांगली बातमी अशी की निम्मा खर्च तुम्ही तसाही करणारच असता. पाया किती खोल घ्यायचा हे ठरवायला स्ट्रक्चरल कन्सल्टंट बोअर घेतोच. त्याच बोअरमधून मातीचे वेगळे नमुने काढायला सांगा. बोअरवाल्याला आधी सांगितलं नाही तर तो माती प्लास्टिकच्या पिशवीत भरून, शाईनं नंबर टाकून, उन्हात ठेवून मोकळा होतो. रासायनिक तपासणीसाठी नमुना काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाच्या, बर्फाच्या पेटीत जातो. प्रयोगशाळा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली हवी, आणि ज्या चाचण्या करायच्या त्यांच्यासाठीच ती मान्यता आहे ना, हे त्यांच्या यादीत बघून घ्या.

काय तपासायचं हे कारखान्यावर ठरतं. प्लेटिंगला क्रोमियम, निकेल, सायनाइड. बॅटरी आणि जुना रंगाचा कारखाना असेल तर शिसं. गॅरेज, डिझेलची टाकी, पेट्रोल पंप असेल तर तेलाचे घटक. सुटे भाग धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरलं असेल तर त्याची वेगळी चाचणी, कारण ते तेलासारखं वर तरंगत नाही, पाण्यापेक्षा जड असल्यानं खाली खाली जातं आणि त्याची वाफ वर येते. जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन. आणि शेडवरचे सिमेंटचे पत्रे, म्हणजे ॲस्बेस्टॉस, ते तर जवळजवळ सगळीकडे. म्हणून शेड पाडायचं काम भंगारवाल्याला देऊ नका. तो पत्रे घणानं फोडून डम्परमध्ये ओततो आणि धूळ शेजारच्या चाळीत जाते.

चाचण्या दोन तऱ्हेच्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, मातीत तो पदार्थ एकूण किती आहे. दोन, त्यातला पाण्यात सुटून किती बाहेर येईल. या दुसरीला टीसीएलपी म्हणतात. खणून काढलेली माती घातक कचरा ठरते की नाही हे बऱ्याचदा दुसरीवर ठरतं. शिशाची मर्यादा तिथं लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पण मुलं त्या मातीत खेळणार असतील तर पहिली चाचणीच महत्त्वाची, कारण पोरं माती तोंडात घालतात, पाण्यात भिजवून नाही. कोडाईकनालच्या बंद थर्मामीटर कारखान्याच्या जागेवर पाऱ्याची मर्यादा निवासी वापर धरून किलोला २० मिलिग्रॅम ठरवली गेली आणि तो आकडा पुरेसा कडक आहे का यावर वर्षानुवर्षं वाद चालला. कुठल्या वापरासाठी किती साफ, हा प्रश्न सल्लागाराला लेखी विचारा. "ठीक आहे, लिमिटमध्ये आहे" एवढ्यावर ऐकू नका. कुठलं लिमिट?

मुंबईची आपली एक खोड आहे: भराव. अर्धं शहर भरावावर उभं आहे. तुमच्या कारखान्याचा काही दोष नसताना खालचा भराव दुसऱ्या कुणाच्या राखेचा, मळीचा असू शकतो. म्हणून बोअर भराव संपून मूळ माती किंवा खडक लागेपर्यंत न्या. आणि पाणी तपासा, दोनदा. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यात. जुलैमध्ये भूजल वर चढतं आणि खाली बसलेलं सगळं घेऊन येतं.

प्रदूषण मंडळ आणि २०२५ चे नियम

माती खराब निघाली. आता कुणाला सांगायचं?

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्याआधी अशा जागांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकटच नव्हती, २०१५ चं एक मार्गदर्शक पुस्तक होतं. नव्या नियमांचा सांगाडा असा: जिल्हा प्रशासन दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी करणार, राज्य मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करणार, गरज असेल तर आणखी तीन महिन्यांत सविस्तर पाहणी होणार आणि जागा दूषित ठरली तर जबाबदार कोण हे ९० दिवसांत शोधणार. ज्यानं घाण केली तोच पैसे देणार. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलणार.

कागदावर छान आहे. पण तुमचं कुटुंबच जर पूर्वी कारखाना चालवत होतं तर जबाबदार तुम्हीच, हे विसरू नका. "तेव्हा कायदाच नव्हता" हा बचाव चालत नाही. राजस्थानातल्या बिछडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानंच सफाईचा खर्च द्यायचा हे स्पष्ट केलं आहे. तुम्ही कारखाना बंद पडल्यावर जमीन विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या खरेदीखताची प्रत आणि ताबा घेतल्याच्या तारखेचा पुरावा सांभाळून ठेवा.

लोक मला विचारतात, मंडळाला सांगितलं तर फाइल अडकेल, त्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट? खरं सांगायचं तर गप्प बसलात तर पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात कुणी विचारणारही नाही. पर्यावरण मंजुरी २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते. वर सोडवलेलं उदाहरण ५,४०० चं होतं. म्हणजे मध्यम प्लॉटची माती सरकार दरबारी एकदाही कुणाच्या नजरेखालून जात नाही. पण पुढे तळघराचं खोदकाम सुरू झालं की वास येतो, पंपानं उपसलेलं रंगीत पाणी पर्जन्यवाहिनीत जातं, शेजारची सोसायटी फोटो काढते आणि मग नोटीस येते. अर्ध्या खड्ड्यात काम थांबलं की भाडं, व्याज, सगळ्यांचं डोकं, तिन्ही एकदमच चढतात. तेव्हाचा एक महिना आधीच्या सहा महिन्यांपेक्षा महाग पडतो.

माती जाते कुठे

नेहमीचा राडारोडा पालिकेच्या ठरवून दिलेल्या ठिकाणी जातो. आता दहिसर आणि शिळफाट्याजवळ त्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्पही आहेत. दूषित माती तिथं न्यायची नाही. घातक ठरलेली माती तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जाते, प्रत्येक फेरीला मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठं गेला याचा कागद लागतो, नमुना १० मध्ये, आणि त्याच्या प्रती नंतर परत मिळवायच्या असतात. डम्परवाला "साहेब, मी टाकतो कुठंतरी, निम्म्यात" म्हणतो. त्या निम्म्यातच पुढचा खटला असतो, आणि डम्परचा नंबर आपल्या गेटच्या रजिस्टरात आपणच लिहिलेला असतो.

सगळी माती खणून न्यायची गरज नसते. जिथं दूषण उथळ आणि ठरावीक कोपऱ्यात आहे तिथं खणून काढणं सोपं. तेलाच्या मातीवर जैविक उपचार करता येतात, वेळ लागतो. काही ठिकाणी वरून अभेद्य थर टाकून झाकलं जातं आणि वाफेचा धोका असेल तर स्लॅबखाली पडदा घातला जातो. कुठला उपाय हे सल्लागार ठरवील. तुम्ही फक्त दोन गोष्टी लिहून घ्या: सफाईनंतर पुन्हा नमुने कोण घेणार, आणि झाकलेली माती तशीच राहणार असेल तर भविष्यात बोअरवेल किंवा झाडाचा खड्डा कुठं खणायचा नाही याचा नकाशा.

कचराभूमीचं प्रकरण निराळं. घनकचऱ्याच्या जुन्या डम्पिंगच्या जागा २०२५ च्या नियमांत येत नाहीत, त्यांचे नियम वेगळे. २०१६ च्या घनकचरा नियमांत बंद केलेल्या कचराभूमीवर पंधरा वर्षांच्या देखरेखीनंतरच वस्तीचा विचार करायला सांगितलं होतं, तोही वायू आणि झिरपणारं पाणी तपासून, जमीन स्थिर झाल्याची खात्री करून. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर ऑफिसं उभी राहिली तेव्हा आतल्या संगणकांचे सुटे भाग काळे पडून बंद पडू लागले होते. खालून येणारा वायू तांबं-चांदी खात होता. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं आहे. तिथला साठलेला कचरा काढायला पालिकेनं २०२५ मध्ये काढलेली निविदाच दोन हजार कोटींवरची होती. कुणी "जुन्या डम्पिंगलगत स्वस्त प्लॉट आहे" म्हणालं तर हे आठवा.

करारनामा

विकासकाशी करार करताना मातीचं कलम वेगळं घाला. आमच्या भांडुपच्या फायलीत शेवटी घातलेल्या कलमाचा आशय असा होता:

"परिशिष्टात जोडलेल्या माती व भूजल अहवालातील दूषण दूर करण्याचा खर्च ठरलेल्या रकमेपर्यंत विकासक करील. त्यापलीकडचा खर्च मालक व विकासक ठरलेल्या प्रमाणात उचलतील. सफाई पूर्ण झाल्याचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मिळाल्याशिवाय तळघराचं खोदकाम सुरू होणार नाही. सफाईमुळे लागलेल्या विलंबात मालकांचं भाडं थांबणार नाही."

शेवटचं वाक्य मागून घ्यायला तीन बैठका लागल्या. बिल्डरच्या वकिलाचं म्हणणं होतं की माती ही "नैसर्गिक आपत्ती"च्या कलमात बसते. क्रोमियम आभाळातून पडत नाही, हे मालकांच्या सुनेनं सांगितलं, ती शाळेत विज्ञान शिकवते. बैठक तिथं संपली.

अहवाल जोडल्याशिवाय सही नको. अहवाल नंतर जोडू, असं म्हणणाऱ्याला नंतर म्हणजे सीसीच्या (बांधकाम सुरू करायच्या परवानगीच्या) आधी की ओसीच्या (राहायला जायच्या परवानगीच्या) नंतर, हे विचारा.

सुविधा भूखंड आणि आरजी (मनोरंजनाची मोकळी जागा) कुठं दाखवताय, ते बघा

लेआउट मंजुरीला जाण्याआधी बोअरच्या अहवालाचा नकाशा लेआउटवर ठेवा. ट्रेसिंग पेपरवर काढून, एकावर एक. माझ्या अनुभवात दूषित कोपरा मोकळ्या जागेखाली येतो, कारण इमारत चांगल्या जमिनीवर, रस्त्याकडच्या बाजूला बसवतात आणि मागचा, नाल्याकडचा भाग आरजी किंवा सुविधा भूखंड म्हणून उरतो. सांडपाणी नाल्याकडेच सोडलेलं असतं. आरजीचा काही भाग प्रत्यक्ष जमिनीवरच, पाणी मुरेल असा उघडा ठेवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानंही २०१३ मध्ये मनोरंजनाची जागा पोडियमवर नव्हे, जमिनीवर हवी असं सांगितलं. नियम चांगला आहे. पण त्यामुळे मुलांचे पाय थेट त्या मातीत पडतात, आणि पावसाचं पाणी त्याच मातीतून मुरतं.

पालिका सुविधा भूखंड ताब्यात घेताना अतिक्रमण, कुंपण, भरणी, मालकी बघते. मातीचा अहवाल मागितलेला मी तरी पाहिला नाही. पुढे तिथं उद्यान होतं किंवा शाळा. तुम्ही स्वतःहून अहवाल जोडा. आमच्या जागी आम्ही मागच्या कोपऱ्यातली दीड मीटर माती काढली, खाली नमुने घेतले, ते स्वच्छ आले, मग बाहेरून आणलेली तांबडी माती भरली. ती माती कुठून आणली याचंही चलन ठेवलं, कारण आणलेला भराव दुसऱ्याच्या कारखान्यातला असायला वेळ लागत नाही.

ओसी आल्यावर आर्किटेक्टचं ऑफिस फाइल बांधून ठेवतं आणि पाच-सात वर्षांनी ऑफिस हलवताना ती रद्दीत जाते. म्हणून मातीचे अहवाल, मॅनिफेस्टच्या प्रती, सफाईनंतरचा अहवाल आणि झाकलेल्या भागाचा नकाशा यांचा एक संच सोसायटीच्या कपाटात ठेवा, शेअर सर्टिफिकेटच्या रजिस्टरशेजारी. हस्तांतराच्या दिवशी सेक्रेटरीची सही घ्या, नाहीतर तो गठ्ठा वॉचमनच्या केबिनमध्ये पाण्याच्या मोटरच्या वॉरंटी कार्डाबरोबर सापडतो.